वन्संची बादली

मी आयुष्यात बरेच मूर्खपणे केले, त्यांतले निम्मे याच घरात केले. पण पायांत दुधाच्या रिकाम्या पिशव्या चढवून, त्यांवर मोजे आणि त्यांवर चामड्याचे भारी बूट घालून भर श्रावणात राजमाची ते भीमाशंकर चालायला निघाले, त्याच्या तोडीचं दुसरं काही माझ्या हातून झालेलं नाही. पिशव्या धुतलेल्या होत्या, हे आवर्जून सांगते. दुधाच्या पिशव्या कुठल्या घरात टाकून देतात? धुवायच्या, खिडकीच्या गजाला अडकवून वाळवायच्या आणि साठल्या की भंगारवाल्याला घालायच्या. त्यांतल्या न फाटलेल्या, लांबट कापलेल्या बघून मी रबरबँडसकट कपाटात लपवून ठेवल्या होत्या. माझी नात ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावते आणि दर वेळी डोळे मोठे करून विचारते, "आजी, तुला खरंच वाटलं पाय कोरडे राहतील?" वाटलं ना! पंचेचाळिशी ओलांडलेली, बी.ए. झालेली, लेकीचं लग्न उरकलेली बाई... आणि डोक्यात एवढाच उजेड.

हा मूर्खपणा ज्यांना पहिल्या क्षणी कळला आणि कळूनही ज्या गप्प बसल्या, त्या माझ्या नणंदबाई गेल्या महिन्यात वारल्या. इंदुमती त्यांचं नाव. माझ्या यजमानांपेक्षा दोन वर्षांनी लहान, पण मी त्यांना पहिल्या दिवसापासून वन्सं म्हणत आले आणि त्या मला वहिनी. मी त्यांना अहो-जाहो करायची, त्या मला अगं-तूगं. बातमी घेऊन हे दवाखान्यातून रिक्षाने आले. दारात चपला काढता काढताच म्हणाले, "सुटली." मी विचारलं, "चहा टाकू?" ते म्हणाले, "टाक." मग आम्ही दोघंही बराच वेळ दारातच उभे राहिलो, चहा काही कुणी टाकला नाही.

नंतर भेटायला माणसं आली. प्रत्येकाने येऊन सांगितलं, इंदूताई फार प्रेमळ होत्या. मी मान हलवत होते. अहो, कुठल्या प्रेमळ? पनवेलच्या मुलींच्या शाळेत वन्सं पी.टी. शिकवायच्या. गळ्यात शिट्टी, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि जीभ अशी की तिला वेगळी धार लावावी लागत नसे. लग्न केलं नाही. आमच्याच घरात वरच्या खोलीत राहत. मला मुलगी झाली तेव्हा बाळंतिणीला बघायला आल्या, पाळण्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "नाक आमचं नाही, बरं झालं. आता अक्कल कुणाची ते बघू." प्रेमळ म्हणे! खोटं बोलून त्यांना निरोप दिला तर त्या वरून शिट्टी मारतील.

दर श्रावणात वन्सं दहाबारा बायकांना घेऊन डोंगरात जात. एका दिवसाची सहल नव्हे. चांगले चार-पाच दिवस, रोज पाठीवर ओझं, रोज पाऊस, आज या गावातल्या देवळात मुक्काम तर उद्या त्या. शाळेतल्या बाया असत, बँकेतल्या एकदोघी, काही त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी. त्यांतलीच एक मंदा, करंजाड्याच्या आगरी घरातली, दोर तिच्या खांद्यावर असायचा. पुरुषांना मज्जाव. "ते वाटेत सल्ले देतात," वन्सं म्हणायच्या. टीव्हीवर रविवार सकाळची ती मालिका सुरू झाली की सगळ्या पनवेलचे रस्ते ओस पडत, त्या दिवसांतसुद्धा यांची टोळी रविवारीच निघायची. जी मालिकेसाठी थांबेल ती थांबली.

या टोळीत शिरायला नुसती हौस पुरत नसे. आषाढात शाळेच्या मागच्या टाकीपाशी वन्सं एक पत्र्याची बादली पाण्याने भरून ठेवत. जिला यायचंय तिने डोंगरात घालायचे बूट घालून एकेक पाय बादलीत बुडवायचा, बूट पुरता भरू द्यायचा, आणि तसेच ओले गच्च बूट घालून शाळेशेजारच्या तळ्याभोवती फेऱ्या मारायच्या, वन्सं थांब म्हणेपर्यंत. मग बूट काढायचे आणि पाय वन्संच्या मांडीवर ठेवायचे. त्या चष्मा नाकावर ओढून टाचा बघायच्या, बोटांच्या बेचक्यांत अंगठा घालून दाबायच्या. कुठे लाल दिसलं, कुठे बाई कळवळली, की संपलं. शाळेच्या मुख्याध्यापिकांचे परदेशातून आलेले पांढरे शुभ्र बूट त्यांनी हातात धरून, पाणी निथळू देत, सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "बाई, बूट फार छान आहेत. लग्नाला घाला."

बुटांच्या बाबतीत त्यांचं म्हणणं साधं होतं. सह्याद्रीच्या पावसात पाणी आत येणारच. कमरेएवढ्या ओढ्यात उतरायचंय, आणि तुम्ही घोट्यापाशी त्याला अडवणार? तेव्हा पाणी येऊ नये म्हणून झुरायचं नाही, आलेलं जाईल कुठून ते बघायचं. गमबूट म्हणजे पायात बांधलेल्या दोन घागरी. चामडं एकदा पाणी प्यायला लागलं की थांबत नाही, जड होतं आणि आठवडाभर वाळत नाही. म्हणून हिरव्या कॅनव्हासचे, घोट्यापर्यंतचे, रबरी दातेरी तळव्याचे साधे हंटर शूज घ्यायचे, तेही एक नंबर मोठे, कारण तिसऱ्या दिवशी पाय सुजतो. दाभण तापवून दोन्ही बाजूंना तळव्याच्या जरा वर भोकं पाडायची. बूट नवे असतील तर महिनाभर घरात ओले करून घालायचे. मोजे पातळ. रात्रीचे कोरडे मोजे वेगळे, ते मेलं तरी दिवसा घालायचे नाहीत. आणि थांबलं की बूट काढून मोजे पिळायचे, बेचक्यांत कोकमाचं तेल चोळायचं, म्हणजे चिखल्या होत नाहीत. हे सगळं मला पाठ होतं. का नसणार? वर्षानुवर्षं खाली स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी दशम्या आणि चटणी बांधून देत मी तेच ऐकत होते. चिखलाचे मोजे धूत होते. त्या परत आल्या की वरच्या खोलीतून हसण्याचे जे लोट यायचे... ते मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून ऐकलेत. मला त्या हसण्यात जायचं होतं. बाकी डोंगर, निसर्ग, सगळं नंतरचं.

तर एका वर्षी मी जाहीर केलं, मी येणार. वन्संनी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "बादली आहे, बघ." आता मला काय झालं होतं देव जाणे. ते हिरवे शिपायाचे बूट घालायची लाज वाटली. मुंबईच्या भाच्याकडून चामड्याचे जाड बूट आणवले, त्यांना मेणबत्ती चोळली, आणि बूट चावू नयेत म्हणून पिशव्यांची शक्कल काढली. अनवाणी पायावर पिशवी, वर मोजा, वर बूट. बादलीतून निघाले, तळ्याला फेऱ्या मारल्या. पाय आत गुळगुळीत सरकत होते, चावायचं नावच नाही. मग संडासला जाते म्हणून टाकीमागे गेले, पिशव्या काढून ब्लाउजात कोंबल्या, ओले मोजे पुन्हा चढवले आणि येऊन पाय ऐटीत वन्संच्या मांडीवर ठेवले. त्यांनी अंगठा फिरवला. वाकून जवळून बघितलं. बराच वेळ बघितलं. "लोण्यासारखे आहेत गं," म्हणाल्या, "चल." मी त्या दिवशी यांना श्रीखंड आणायला पाठवलं होतं, इतकी खूश.

कर्जतपर्यंत एस.टी., पुढे कोंडिवड्याहून राजमाचीची चढण. पहिल्या दिवशी मी तर हवेत होते. पुढे मंदाचे बूट पचक पचक करत होते, दर पावलाला भोकांतून पिचकारी उडत होती, आणि मी तिला म्हणत होते, "काय गं, नळ गळतोय का?" माझे पाय आत कसे उबदार! ती ऊब कसली होती ते दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. बाहेरचं पाणी पिशवीने अडवलं होतं खरं, पण आतला घाम कुठे जाणार? त्यातच पाय शिजत होते, उकडलेल्या बटाट्यासारखे. आधी चुरचुर, मग आग, मग प्रत्येक पावलाला तळव्याखालचं काहीतरी सुटून पुढे सरकतंय असं वाटायचं. थांबलो की सगळ्याजणी बूट काढून आरडाओरडा करत मोजे पिळायच्या; वन्सं एकेकीला विचारत फिरायच्या. माझ्यापाशी आल्या की मी म्हणायची, "मस्त!" बूट काढले तर पिशव्या दिसतील ना. आणि बूट न काढता बसलेली मी एकटी म्हणून बाकीच्या कौतुकाने बघायच्या. कुसूरच्या पठारावर धुक्यात स्वतःचा हात दिसत नव्हता, पाऊस आडवा मारत होता, आणि मी भावगीतं म्हणत चालले होते. मोठ्याने. थांबले असते तर तोंडातून दुसरंच काही बाहेर पडलं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पठारावरच्या एका गावातल्या देवळात माझा बूट निघेना. मंदाने ओढला. बुटाबरोबर मोजा आला, मोज्याबरोबर पिशवी, आणि पिशवीबरोबर टाचेचं कातडं, अख्खं, एखाद्या फळाची साल निघावी तसं. एक बाई तर बाहेर जाऊन ओकली. वन्सं आल्या, उकिडव्या बसल्या, चष्मा नाकावर ओढला.

"कधीपासून?"

"काल दुपारपासून."

"आणि काल दिवसभर गात होतीस."

मी मान हलवली. खरं सांगते, मी शाबासकीची वाट बघत होते. एवढं सोसलं, हूं की चूं केलं नाही!

"बादलीच्या दिवशी तुझ्या पायांना दुधाचा वास येत होता," वन्सं म्हणाल्या. "तेव्हाच कळलं होतं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं पहिल्याच दिवशी रडशील, राजमाचीवरून परत पाठवीन. तू रडलीच नाहीस." आणि गुडघ्यांवर हात टेकून उठत म्हणाल्या, "मंदा, हळद आण. बाकीच्यांनी बूट घाला. आम्ही पुढे जातो, वहिनी इथे राहील."

आणि गेल्या की हो! मला देवळासमोरच्या घरात, एका म्हाताऱ्या बाईच्या ओसरीवर टाकून. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. त्या म्हातारीने माझे पाय बघितले, माझ्या हातातली दुधाची पिशवी बघितली, आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला ठसका लागला. पठारावरून दूध घेऊन खाली जाणाऱ्या जीपमध्ये, कॅनच्या मधोमध बसून मी कामशेतला उतरले. निरोप मिळून हे न्यायला आले होते. माझ्या पायांकडे बघून त्यांनी एकच विचारलं, "इंदू कशी आहे?"

जखमा भरल्या. माझी इच्छा काही भरली नाही. पुढच्या वर्षी मी नाक मुठीत धरून हंटर शूज घेतले. एक नंबर मोठे. दाभण तापवून भोकं पाडली, हात भाजून घेतला. महिनाभर ओले बूट घालून भांडी घासली, भाजी आणली. शेजारच्या बायका यांना विचारायच्या, वहिनींची तब्येत बरी आहे ना? आषाढात बादलीत पाय बुडवले, तळ्याला फेऱ्या मारल्या, आणि मोजे-बूट सगळ्यांसमोर काढून पाय वन्संच्या मांडीवर ठेवले. एक ठिपका लाल नाही. त्यांनी बघितलं, दाबलं, चष्मा काढला. "छान," म्हणाल्या. "नाही."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे नाही. पुढची कोण?"

दर वर्षी हेच. छान, नाही. का, ते सांगायच्या नाहीत. वय म्हणावं तर माझ्याहून मोठ्या, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या बाईला त्यांनी नेलं. फसवलं म्हणून राग धरला म्हणावं, तर फसवलं तेव्हाच त्यांनी नेलं होतं. मी रुसले, भांडले, एका वर्षी बांधून दिलेल्या चटणीत तिखट दुप्पट घातलं. परत आल्यावर वन्सं म्हणाल्या, "चटणी झकास होती," आणि बाकीच्या सगळ्याजणी महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. पण आषाढ आला की मी पुन्हा बादलीपाशी. यांनी एकदा कंटाळून विचारलं, "तुला भीमाशंकरलाच जायचंय ना? एस.टी.ने नेतो, चल." काय सांगणार यांना... मला वन्संकडून 'चल' ऐकायचं होतं, पिशव्यांशिवाय.

मध्येच वन्संना साखर निघाली. त्यांनी गोळ्या घेतल्या, गोड सोडलं, डोंगर सोडला नाही. या वर्षीही श्रावणात जाऊन आल्या. आल्यावर जिना जरा हळू चढल्यासारख्या वाटल्या, आणि घरात मोजे घालून वावरायला लागल्या. मी म्हटलं, वय झालं, पाय गार पडत असतील.

आमच्याकडे गौर लेकीच्या हातून घरात येते. माझी लेक तिच्या सासरच्या गौरींत, तेव्हा इतकी वर्षं या घरची लेक म्हणून वन्संच आणायच्या. दारात उभं राहायचं, मी त्यांच्या पायांवर दूध-पाणी घालायचं, कुंकू लावायचं, मग कुंकवाच्या पावलांवरून आत. त्या दिवशी त्या गौर घेऊन दारात आल्या, मोजे घालून. मी म्हटलं, "वन्सं, मोजे." त्या म्हणाल्या, "राहू दे, वरूनच घाल." शेजारणी हसल्या. मी म्हटलं, "देवीला मोज्यातून आणता? काढा." "घाल म्हणते ना." मग मीही हट्टाला पेटले, खाली बसून मोजा धरला आणि ओढला.

वास आधी आला. अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याला, रुपया मावेल एवढं भोक होतं, कडा काळ्या पडलेल्या. मी वर बघितलं. वन्सं गौर छातीशी धरून समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. मागून कुणीतरी सवयीने विचारलं, गौर कशाच्या पावलांनी आली? ठरलेलं सोन्याचं उत्तर कुणीच दिलं नाही.

"दुखत नाही गं," वन्सं हळूच म्हणाल्या. "काहीच लागत नाही तिथे." साखरेने पायाची जाणीवच खाऊन टाकली होती. डोंगरात दुसऱ्या दिवशी बूट लागला, त्यांना कळलं नाही. पण संध्याकाळी मोजा लाल निघाला, तो तर दिसला होता ना? त्यांनी तो ओढ्यात धुतला, दुसरा घातला, आणि भीमाशंकरपर्यंत चालत गेल्या. दुसऱ्यांच्या बेचक्यांत अंगठा घालून बघणारी बाई!

आधी अंगठा काढला, मग पाऊल, मग गुडघ्याखालून पाय. प्रत्येक वेळी डॉक्टर म्हणायचे, आता इथेच थांबेल. ते काही पाहुण्यासारखं दारात थांबणारं नव्हतं. डबा घेऊन मी रोज जायची. आम्ही दोघी एकमेकींशी कधी गोड बोललो नव्हतो, तर तिथे कुठून बोलणार? पाय कापायच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, "वन्सं, उजवा बूट आता मला देऊन टाका." त्या म्हणाल्या, "तुला नाही व्हायचा. तुझं डोकं मोठं, पाय बारका." शेजारच्या खाटेवरच्या बाईने आमच्याकडे असं बघितलं, जणू दोघींचीही जागा वेड्यांच्या इस्पितळात आहे. हसून हसून वन्संना धाप लागली. ते हसू मी पहिल्यांदाच इतक्या जवळून ऐकत होते, जिना मध्ये नव्हता. मला वाटलं, आता विचारून घ्यावं. म्हटलं, "एक सांगा, मला का नेत नव्हतात?" त्यांनी पांघरूण नीट केलं, जिथे आणखी एका दिवसापुरताच पाय होता तिथलं. म्हणाल्या, "पाय चालवून झाले तुझे. आता जरा डोकं चालव." आणि भिंतीकडे तोंड केलं. पुढे ताप मेंदूत गेला, मग त्या कुणालाच ओळखेनात. यांना 'सर' म्हणायच्या आणि मला रांगेत उभी राहा म्हणून सांगायच्या.

दिवस झाले, माणसं पांगली. परवा मंदा आली. आता ती स्वतःच शाळेत शिकवते, पुढच्या श्रावणात टोळी तीच नेणार आहे. वरच्या खोलीतला दोर आणि स्टोव्ह तिने खाली आणून ठेवला, हात धुऊन चहाला बसली. वन्संच्या आठवणी निघाल्या, दोघी हसलो. मग मला राहवेना. आता तर नाही म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. मी म्हटलं, "मंदा, पुढच्या वर्षी मी येते गं. बूट आहेत माझ्याकडे, भोकं पाडलेले. बादली तू घे, माझी काही हरकत नाही." मंदाने कप खाली ठेवला. माझ्या पायांकडे नाही, तोंडाकडे बघत राहिली... आणि म्हणाली:

"काकू, राग मानू नका, पन तुमाला नाय नेनार. बाई सांगूनच गेल्यात मला. बोलल्या, बूट कुठला पन चालेल, पन चावला की लगेच बोंब मारनारी बाई पायजे. आन् बोलल्या, आमच्या घरात तशी एक पन नाय."